आगंतुकाची सायकल



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. फर्दापूरला, अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी उभे राहून बोलावयाचे, आणि बोलावयाचे काय, तर परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींनी सायकल कशी चालवावी! हा वक्ता वाट चुकला असावा, असे कोणाच्या मनात आले असल्यास त्याला मी दोष देणार नाही. परंतु ज्या गावावरून आजवर शेकडो परदेशी पाहुणे लेण्यांकडे गेले, त्या गावाइतकी पाहुण्याच्या वर्तनाचा विचार करण्यास योग्य जागा दुसरी कोणती असणार?

गोष्ट साधी आहे. आपल्या जळगाव-संभाजीनगर भागातली मुले अलीकडे जर्मनी, नेदरलँड्स, जपान अशा देशांत शिकावयास जाऊ लागली आहेत. तेथे राहावयाची सोय लागली की मुलगा पहिली वस्तू विकत घेतो ती बहुधा एक जुनी सायकल. सायकल चालविणे आपल्याला लहानपणापासून येते, त्यात शिकावयाचे काय, अशी त्याची समजूत असते. त्याला सायकल येते हे खरे. त्याला तेथला रस्ता येत नाही. हा फरक ध्यानात येईपर्यंत कधी दंड भरावा लागतो, कधी कोणाचे हाड मोडते.

आता प्रथम आपल्या डोंगराकडे वळू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याच्या दृष्टीस दहावे लेणे पडले. एका इंग्रजाने बाहेरच्या जगासाठी लावलेला अजिंठ्याचा शोध तो हाच. पण त्या दिवशी ह्या पाहुण्याने आणखी एक गोष्ट केली. त्याने त्या लेण्यातील खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. आजही ती अक्षरे तेथे आहेत. पुढे मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेचे चिटणीस डॉ. जेम्स बर्ड यांनी चित्रांतील काही आकृती भिंतीवरून सोलून काढावयाचा प्रयत्न केला आणि त्या आकृतींचा चुरा झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत येथे चित्रांच्या नकला करीत होते. त्यांचे परिश्रम थोर. पण चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर जे व्हार्निश चढविले गेले, ते कालांतराने पिवळे पडून चित्रांना घातकच ठरले. ह्यांतला कोणीही दुष्ट नव्हता. बर्ड विद्वान होते, ग्रिफिथ्स तर ह्या चित्रांचे भक्त होते. परंतु पाहुण्याच्या हातून होणारे नुकसान पुष्कळदा दुष्टपणाने होत नाही. ‘मला हे ठाऊक आहे’ ह्या समजुतीने होते.

दुसरेही चित्र आहे. लेडी हेरिंगहॅम ह्या इंग्रज विदुषीने १९०९ ते १९११ ह्या काळात दोन हिवाळे येथे मुक्काम करून नकला करविल्या. त्यांच्या हाताखाली काम करावयास कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे के. व्यंकटप्पा आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. ही सारी तरुण, शिकणारी मंडळी. घर शेकडो मैल दूर, भाषा निराळी, राज्य निजामाचे. फर्दापूरच्या तळावर राहून ती रोज लेण्यांकडे जात. त्यांच्या कामाचे पुस्तक १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केले. भारतीय चित्रकलेला वळण लावणारे नंदलालांसारखे कलावंत ह्या परगावच्या मुक्कामातून घडले. परक्या जागी पाहुणा म्हणून आलेला विद्यार्थी तेथून काय घेऊन जाऊ शकतो, ह्याचा ह्याहून जवळचा दाखला फर्दापूरकरांना सांगावयास नको.

पण ह्याच डोंगरात ह्या विषयाचे ज्ञान ह्याच्याही पुष्कळ आधी होते. लेण्यांतून राहणारे भिक्षू विनयाने बांधलेले होते. विनयाच्या ‘चुल्लवग्ग’ नामक पाली ग्रंथात ‘वत्तक्खंधक’ म्हणून एक प्रकरण आहे. ‘वत्त’ म्हणजे वागण्याची रीत. त्यात आरंभीच तीन प्रकारच्या भिक्षूंची वत्ते सांगितली आहेत: आगंतुक म्हणजे नव्याने येणारा, आवासिक म्हणजे तेथे राहणारा, आणि गमिक म्हणजे निघून जाणारा. आगंतुकाने विहाराच्या आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढाव्यात, त्या झटकाव्यात, छत्री मिटावी, डोक्यावरचे वस्त्र खाली घ्यावे आणि घाई न करता आत यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि धुण्याचे कोणते, हे विचारावे. भिक्षेला कोठे जावे, कोठे जाऊ नये, हे विचारावे. संघाने ये-जा करण्याच्या वेळा काय ठरविल्या आहेत, हेही विचारावे.

हे नियम का झाले, तेही ग्रंथकार सांगतो. एका आगंतुक भिक्षूने रिकाम्या विहाराची कडी काढली आणि दार लोटून तो धाडकन आत शिरला. वरून त्याच्या खांद्यावर साप पडला. तो भयाने ओरडला. तेव्हापासून नियम झाला की, दार वाजवावे, थोडे थांबावे, कडी काढून दार ढकलावे, आणि बाहेरच उभे राहून आत पाहावे. ही छोटीशी कथा मला फार मोलाची वाटते. नियम आकाशातून पडत नाही. आधी साप पडतो, मग नियम होतो. पुढे साप विसरला जातो आणि नियम तेवढा उरतो. मग नवा माणूस विचारतो, हे कशाला?

सायकलीचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८१७ साली जर्मनीतील मॅनहाइम येथे कार्ल ड्राइस ह्याने दोन चाकांचे, पायांनी जमीन रेटून पळवावयाचे लाकडी यंत्र काढले. रस्ते खडबडीत, म्हणून लोक ते पायवाटेवर चालवू लागले आणि चालणाऱ्यांच्या अंगावर जाऊ लागले. थोड्याच अवधीत पायवाटेवर त्याला मनाई झाली. म्हणजे यंत्र जन्मले आणि पाठोपाठ त्याचा पहिला नियम जन्मला. इंग्लंडात १८३५ च्या हायवे कायद्याने पादचाऱ्यांच्या वाटेवर गाडी घालणे हा अपराध ठरला होता; पण सायकल म्हणजे गाडी की काय? १८७९ साली एका खटल्यात न्यायाधीशांनी सांगितले की होय, ती गाडीच. १८८८ च्या कायद्याने ते कायमचे ठरले, आणि रात्री दिवा लावण्याची व पुढच्या माणसाला घंटेने सूचना देण्याची सक्ती झाली. त्याच १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. तीन वर्षे आधी, १८८५ मध्ये, स्टार्लीची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आली होती. वेग वाढला, तसा दिवा आणि घंटा आली. ‘सायकल ही गाडी आहे’ हे एक वाक्य ज्याला समजले, त्याला जगातील निम्मे नियम समजले. गाडीने पायवाटेवर जाऊ नये, लाल दिव्याला थांबावे, आपल्या बाजूने जावे, वळण्यापूर्वी सांगावे.

आपली बाजू कोणती, हा मात्र देशाचा प्रश्न. इंग्लंड डावीकडून चालते म्हणून आपण डावीकडून चालतो, जपानही डावीकडून. युरोपखंडाचा बहुतेक भाग उजवीकडून. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे साऱ्या देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. पाचला दहा मिनिटे असताना सर्व वाहने थांबली, हळूच पलीकडे गेली आणि पाच वाजता नव्या बाजूने निघाली. एका राष्ट्राने जे एका पहाटे केले, ते आपल्या विद्यार्थ्याला एकट्याने करावयाचे असते, आणि त्याच्या सोबतीला कोणी थांबत नाही. गर्दीत तो चुकत नाही, कारण इतरांच्या मागे जातो. तो चुकतो ते रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, वळण घेताना; कारण त्या वेळी सवय पुढे होते. म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक वळणाला स्वतःशी बोलून बाजू ठरवावी. ह्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे सायकलीचे नियम नव्हते असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी दांडीखालून पाय घालून भाड्याची सायकल शिकली, त्या पिढीला नगरपालिकेचा बिल्ला आठवत असेल. दर वर्षी कर भरावयाचा आणि बिल्ला सायकलीला लावावयाचा. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवीत, आणि कधी चाकातली हवा सोडून देत. नेदरलँड्समध्येही १९२४ पासून १९४१ पर्यंत सायकलीवर कर होता आणि धातूचा बिल्ला लावावा लागे. बेकारांना तो फुकट मिळे, पण त्याला एक भोक पाडलेले असे. म्हणजे गरीब माणूस लांबूनही ओळखू यावा! बहुतेक गावांतून आपला बिल्ला आता गेला. बिल्ल्याबरोबर दिवाही गेला, हे मात्र वाईट झाले.

ह्या भोकावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. रीतीरिवाज म्हटले की सगळेच वंदनीय, असे नसते. १८९७ च्या मे महिन्यात केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी द्यावी की नाही ह्यावर मतदान झाले, तेव्हा विरोधी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा भर चौकात टांगला. प्रस्ताव पडला, केंब्रिजची पूर्ण पदवी स्त्रियांना मिळावयास १९४८ साल उजाडले. त्याच सुमारास आपले रँग्लर परांजपे तेथल्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होते आणि १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. आपल्या देशातही पुष्कळ गावांत दलित माणसाने सवर्णांच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरून चालले पाहिजे अशी सक्ती असे. तिलाही लोक ‘रीत’च म्हणत. तेव्हा नियमाची परीक्षा काय? मागे साप आहे की नाही, हे पाहावे. दिव्याच्या नियमामागे अंधारात चिरडलेला माणूस आहे. उतरून चालावयास लावणाऱ्या रीतीमागे केवळ कोणाचा तरी अहंकार आहे. पहिला नियम परक्या देशातही पाळावा, दुसरी रीत आपल्या गावातही मोडावी.

आता आगंतुकाचे वत्त. नेदरलँड्समध्ये सायकलींसाठी निराळा मार्ग असतो. निळ्या गोल फलकावर सायकलीचे चित्र असले की त्याच मार्गाने जावयाचे. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगविलेले असतील आणि त्यांची टोके आपल्याकडे असतील, तर थांबून दुसऱ्याला आधी जाऊ द्यावयाचे. काहीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावयाची. २००१ च्या मे महिन्यापासून हा हक्क सायकलस्वारालाही मिळाला. पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा लागतोच. १ जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरणे हा गुन्हा आहे. डेन्मार्कमध्ये मोठ्या चौकात डावीकडे एकदम वळता येत नाही: आधी सरळ पलीकडे जावे, तेथे थांबावे, आणि मग वाट मोकळी पाहून डावीकडे जावे. थांबण्यापूर्वी हात वर करून मागच्याला सांगावे लागते. जर्मनीत दारू पिऊन सायकल चालविणाऱ्यावर फौजदारी खटला होतो. जपानात विकत घेतलेली सायकल मालकाच्या नावावर नोंदवावी लागते, छत्री हातात धरून चालवता येत नाही, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून फोनविषयीच्या शिक्षा अधिक कडक झाल्या आहेत.

जपानातील एका नियमामागचा साप सांगण्याजोगा आहे. २००८ साली कोबे शहरात अकरा वर्षांच्या मुलाच्या सायकलीची एका बासष्ट वर्षांच्या बाईंना धडक बसली आणि त्या बेशुद्धावस्थेतून बाहेर आल्याच नाहीत. २०१३ साली न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्यास सांगितले. त्यानंतर २०१५ मध्ये ह्योगो प्रांताने सायकलस्वाराला विमा सक्तीचा केला आणि इतर प्रांत मागोमाग आले. विम्याचा कागद पुढे आला की आपला विद्यार्थी म्हणतो, सायकलीला कसला विमा! त्याने त्या बाईंची आणि त्या आईची आठवण ठेवावी.

लिहिलेल्या नियमांखेरीज न लिहिलेलेही काही असते. घंटा वाजली की रागावू नये. ती शिवी नव्हे, ‘मी आलो’ एवढाच तिचा अर्थ. दोघे मित्र शेजारी शेजारी गप्पा मारीत चालले असतील तर घंटेसरशी एकामागे एक व्हावे. थांबावयाचे तर मार्गाच्या मधोमध थांबू नये. पोलिसाने अडविले तर आपण परके म्हणून अडविले, असा समज चटकन करून घेऊ नये. तसे कधी घडतही असेल, पण दिवा नसताना तो तेथल्या म्हाताऱ्यालाही तितक्याच निर्विकारपणे दंड करतो.

आवासिकाचेही वत्त आहे, आणि ते विसरून चालणार नाही. पाहुणा दिसताच आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याच्या हातातले पात्र-चीवर घ्यावे, जागा दाखवावी आणि संघाचे नियम सांगावेत, असे ग्रंथ म्हणतो. विचारणे हे आगंतुकाचे काम, सांगणे हे आवासिकाचे. ज्या विद्यापीठाला परदेशी विद्यार्थ्याची फी हवी, त्याने त्याला रस्ता शिकवावयास हवा. तेथे आधीपासून राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनीही हे करावे. गणेशोत्सवात नव्या मुलाला मोदक द्यावाच. पण त्याआधी एका रविवारी त्याच्याबरोबर चार चौक फिरून यावे.

आणि सायकलस्वाराला निर्भयपणे जाता यावे असे रस्ते त्या देशांना देवाने दिलेले नाहीत. १९७१ साली एकट्या नेदरलँड्समध्ये सुमारे ३३०० माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. मोटारींनी रस्ते व्यापले होते. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. १९७३ च्या तेलटंचाईत ४ नोव्हेंबरपासून काही रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि लोकांनी मोकळा रस्ता डोळ्यांनी पाहिला. आज आपला विद्यार्थी ज्या मार्गावरून निर्धास्त जातो, तो त्या आईबापांनी मागून घेतलेला आहे. त्यावरून दिवा न लावता जाणे म्हणजे केवळ दंडाला पात्र होणे इतकेच नव्हे.

आपले काय? भारतात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या मुलीने घाटातून उतरणाऱ्या मालमोटारींच्या शेजारून कोणत्या बाजूने, कोणत्या जागेतून जावे, हे तिला कोणी सांगितले काय? तिच्या सायकलीला मागे लाल काच आहे काय? रस्त्याला कडेची पट्टी आहे काय? आवासिकाचे वत्त येथून सुरू होते.

आपल्याला हे जमत नाही असेही म्हणवणार नाही. फर्दापूरच्या फाट्यावर एक नियम अनेक वर्षे चालू आहे. धुराने चित्रे खराब होतात म्हणून खाजगी मोटारी फाट्यावरच ठेवावयाच्या आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर ठरलेल्या बसने जावयाचे. जपानी येवो की जर्मन, मंत्री येवो की व्यापारी, मोटार येथे थांबते. कुरकुर होते, पण माणसे उतरतात. ज्या देशांत आपली मुले नियम शिकावयास जातात, त्याच देशांचे नागरिक फर्दापूरला येऊन आपला नियम पाळतात. वहाणा काढून, छत्री मिटून आत या, असे आपण त्यांना सांगतो आणि ते ऐकतात. स्मिथच्या चाकूपासून ह्या फाट्यापर्यंत आपण दोनशे वर्षांत एवढे तरी अंतर कापले आहे.

शेवटी गमिक. निघणाऱ्या भिक्षूने लाकडी-मातीचे सामान नीट आवरावे, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निरोप घेऊन जावे. परदेशातील विद्यापीठांच्या गावी स्टेशनाबाहेर गंजत पडलेल्या बेवारशी सायकलींचे ढीग असतात, आणि त्यांत शिक्षण संपवून गेलेल्यांच्याही असतात. नगरपालिकेला त्या खुणा लावून उचलाव्या लागतात. जपानात तर नाव न बदलता सायकल मित्राला दिली, तर पोलीस त्या मित्राला चोर समजून अडवितात. म्हणून जाताना सायकल रीतसर दुसऱ्याच्या नावावर करावी, दिवे तपासून द्यावी, आणि त्याला त्या गावचे चार चौक सांगावेत. त्या घटकेला कालचा आगंतुक आवासिक होतो.

१९२३ साली मुंबईहून अदी हकीम, जल बापासोला, रुस्तम भुमगरा आणि त्यांचे तीन सोबती सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. एवढ्या देशांचे रस्ते, एवढ्या बाजू, एवढे पोलीस! प्रत्येक सीमेवर ते पुन्हा आगंतुक होत होते. आपल्या मुलांना एवढे करावयाचे नाही. त्यांनी एका गावात दोन वर्षे नीट राहावयाचे आहे.

म्हणून, आईबापांनो, मुलगा किंवा मुलगी निघेल तेव्हा पेटीत लोणच्याची बरणी घाला, पण सायकलीचे दोन दिवेही घाला, पुढचा पांढरा आणि मागचा लाल. आणि निरोप देताना एवढेच सांगा: बाळ, दार उघडण्यापूर्वी बाहेर उभा राहून एकदा आत पाहा.